महिपती गुळव्याची तीन बोटं

माणूस भेटला की आपण विचारतो, गाव कुठलं, पाव्हणे कुणाचे. महिपतीआण्णा तसलं काही विचारत नसत. गुऱ्हाळावर नवा माणूस आला, रसाचा पेला त्याच्या हातात गेला, की त्यांचा पहिला सवाल, "काय काम करता?" आणि त्याचं सांगून संपायच्या आत दुसरा, "आणि ते किती दिवस चालंल?" पहिल्या सवालाला लोक ऐटीत उत्तर द्यायचे. दुसऱ्याला पेला तोंडाशी थांबायचा.

मी आण्णांच्या हाताखाली नऊ हंगाम चुलवाणाला, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीला, जाळ घातला. साठ सालानंतरची ती वर्षं. माझी शाळा म्हणाल तर दुसरी. तिसरीत मास्तरांशी माझं पटलं नाही, ते जाऊ द्या, लिहायला बसलोय ते आण्णांबद्दल. आमच्या घरात आता नातवंडं फोन हातात घेऊन बोलत बसतात, कुठल्या कामावर यंत्र येणार, कुठल्या नोकरीला पगार किती, कुठं जागा वाढणार. त्यांना वाटतं हा विचार काल निघाला. मी सांगतो, उंब्रजच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठच्या गुऱ्हाळावर हा विचार रोज चालायचा, आणि तो करणाऱ्या माणसाला सही येत नव्हती. नातवंडं हसतात. हसू देत. खरं ते खरं.

गुळव्या म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. ऊस मालकाचा, काहील, म्हणजे रस आटवायची भली मोठी कढई, मालकाची, इंजिन मालकाचं. पण रस काहिलीत पडून खाली जाळ लागला की मालकानंसुद्धा तिथं तोंड उघडायचं नाही. तिथून पुढं राज्य गुळव्याचं. रस उकळायचा, भेंडीचं पाणी सोडून वर आलेली मळी काढायची, मग हळूहळू रसाचा पाक होतो. आणि पाकाचा गूळ होण्याची एक घडी असते. अलीकडं उतरवला तर ढेप बसत नाही, चिकट राहते. पलीकडं गेला तर काळा पडतो, कडवट लागतो. ती घडी ओळखायला आण्णांकडं घड्याळ नव्हतं, काटा नव्हता. उजवा हात गार पाण्यात बुडवायचे आणि त्याच हातानं उकळत्या पाकातनं चिमूटभर काढून परत पाण्यात. चिमटीत गोळी वळायची, काहिलीच्या कडेवर मारायची. आवाज ऐकायचा. तो आवाज मला नऊ वर्षांत कधी कळला नाही. मग ते माझ्याकडं न बघता म्हणायचे, "तोड जाळ." त्यांच्या तोंडातून हा शब्द निघाल्याशिवाय जाळ तोडायचा नाही, हा तिथला कायदा. एका काहिलीच्या उकळीला आदण म्हणतात. दिवसाला तीन-चार आदणं निघायची.

आण्णांच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत एक केस नव्हता. कातडी लहान मुलासारखी तांबूस, तुळतुळीत. दिवसभर गोड बघून त्यांना जेवताना गोड समोर चालायचं नाही. भाकरी, ठेचा आणि वर कच्चा कांदा. ठेच्यानं डोळ्यात पाणी आलं की म्हणायचे, आता जीभ धुवून निघाली.

तर असा हा माणूस, आणि नाद कसला, तर लोकांची कामं तोलायचा. गुऱ्हाळावरून कुणाला रस दिल्याशिवाय परत पाठवायचं नाही ही आपल्याकडची रीत, त्यामुळं माणसांना तोटा नव्हता. रस्त्यानं जाणारा शिपाई यायचा, सुटीवर आलेला फौजी यायचा, मास्तर, एसटीचा कंडक्टर, गवंडी, शिंपी. आण्णा मळी काढत काढत एकेकाला तोलायचे. त्यांची तीन बोटं होती. पहिलं बोट, यंत्र येईल का. दुसरं, हातात काय पडतं आणि कधी पडतं, महिन्याला का सुगीला. तिसरं, दहा वर्षांनी त्या कामाला माणसं जास्ती लागतील का कमी. तिन्ही बोटं उभी राहिली तर काम सोन्यासारखं. दोन राहिली तर करायला हरकत नाही. एकच राहिलं तर आण्णा नुसते त्या माणसाच्या पेल्यात आणखी रस ओतायचे.

यंत्राबद्दल त्यांचा एक सिद्धांतच होता. म्हणायचे, यंत्र आधी पाठ उचलतं, मग हात, मग बोटं. जीभ सगळ्यात शेवटी. पाठ म्हणजे ओझं आणि ओढणं. घाण्याचे बैल गेले आणि इंजिन आलं, ती पाठ गेली. मोट गेली आणि पंप आला, ती पण पाठच. म्हणून हमाल आणि मोटकरी यांचं पहिलं बोट आण्णा कधी उभंच करत नसत. न्हाव्याला मात्र तिन्ही बोटं. डोकी वाढत चालली आहेत, आणि गळ्यापाशी यंत्र कोण लावून घेईल? मास्तरालाही तिन्ही. फौजीला पगार बघून दुसरं बोट आणि भरती बघून तिसरं उभं करायचे, पण पुढं म्हणायचे, गोळीसाठी माझ्याकडं बोट न्हाई बाबा, ते तुझं तू बघ.

चुकायचे पण. माझ्या मेव्हण्याला त्यांनी छातीठोकपणे कल्हईच्या कामाला लावलं. पितळ हाय तवर कल्हई हाय, असं त्यांचं म्हणणं. पितळच घरातून जाईल हे काही त्यांच्या बोटावर बसलं नव्हतं. स्टीलची भांडी आली तसा मेव्हणा आण्णांच्या नावानं बोटं मोडायला लागला, पण तोवर त्याची दोन लेकरं शिकून मार्गी लागली होती. मला त्यांनी कितीदा तरी सांगितलं की तुझं काम सगळ्यात आधी जाणार, आग लावायला माणूस कशाला लागतो. मी ऐकलं नाही. पुढं माझं काय झालं ते इथं सांगायचं कारण नाही, पण मी कुणापुढं हात पसरला नाही एवढं लिहून ठेवतो.

या नादामुळं झालं काय, की सात गावांतले लोक मुलगी द्यायच्या आधी नवरामुलगा आण्णांकडं घेऊन यायला लागले. त्याला एक आदण बसवायचे. म्हणजे रस चढल्यापासून गूळ उतरेपर्यंत पोरानं समोर बसायचं आणि आण्णा विचारतील त्याला उत्तर द्यायचं. एकदा सांगलीच्या छापखान्यातला खिळे जुळवणारा एक मुलगा आला. कपडे पांढरे, बोटं काळी. आण्णांनी विचारलं, अक्षरं जुळवायचं यंत्र निघालं तर? पोरगा प्रामाणिक. म्हणाला, निघालंय, मुंबईला हाय, पण विंग्रजीचं. आपल्यात जोडाक्षरं लय, त्या यंत्राला झेपत न्हाईत. आण्णांनी जोडाक्षर म्हणजे काय ते माझ्याकडून समजून घेतलं. दुसरीतल्या माणसाकडून, म्हणजे बघा. मग मुलीच्या बापाला म्हणाले, जोडाक्षरं हायती तवर पोरगी सुखात राहील. ते लग्न झालं. ती बाई सुखात राहिली, मला माहीत आहे.

आणि या सगळ्यात आण्णांच्या घरातच एक लग्न अडून बसलं होतं.

आण्णांना एकच मुलगी, हौसा. आई ती लहान असतानाच गेली. हंगामात बापाबरोबर या गुऱ्हाळावरून त्या गुऱ्हाळावर फिरायची, सगळ्यांच्या भाकऱ्या थापायची. एकोणीस-वीस वर्षांची झालेली, बोलायला चटपटीत. आणि आण्णांच्या जोडीला काहिलीवर उभा राहायचा पांडू. पाटणच्या वर डोंगरातनं आलेला, पंचविशीचा, मागंपुढं कोणी नाही. पाच हंगाम आण्णांजवळ काढून गुळव्याचा हात त्यानं पुरता उचलला होता. हौसा आणि पांडू एकमेकांकडं बघायचे नाहीत, आणि इतक्या नेटानं बघायचे नाहीत की गुऱ्हाळावर सगळ्यांना कळलं होतं. आण्णांनाही.

पण आपल्या धंद्याचा निकाल आण्णांनी सगळ्यात आधी लावून ठेवला होता. त्या वर्षांत सांगलीकडं कारखाना उभा राहिला होता आणि एकेक बागायतदार त्याचा सभासद होत होता. आण्णा म्हणायचे, "यंत्र माझा हात खाणार न्हाई. माझा ऊस खाईल." आणि गुळव्याला पोरगी देणं म्हणजे आटत्या विहिरीत दोर सोडणं. सात गावच्या पोरींसाठी तीन बोटं मोजणारा माणूस आपल्या पोरीसाठी कशी सोडणार? लोकही टपून होते, बघू म्हणाले, आता आण्णा कुणाची बाजू घेतात, बोटांची का पोरीची.

मधे एक गोष्ट झाली, ती सांगायलाच पाहिजे. तिच्यामुळं आण्णांच्या हिशेबात फरक पडला.

आमच्या गावच्या बौद्धवाड्यातला सिदू. छप्पन साली त्यांच्या लोकांनी धर्म घेतला आणि गावकीची कामं सोडली. मेलेलं ढोर ओढायचं नाही, सांगावे घेऊन पळायचं नाही. गावात पुष्कळांना ते जड गेलं. आमच्या घरातही गेलं, खोटं कशाला बोलू. काही वर्षांनी गावातल्या चार शहाण्यांनी ठरवलं की धान्य वाढवून द्यावं, म्हणजे कोणीतरी ते काम परत धरेल. सिदूच्या बापाकडं तसा निरोप गेला. दुसऱ्या बाजूला सिदूला पाटणच्या वर धरणाच्या कामावर जायची सोय होत होती. तो सातवी शिकलेला, माझ्यापेक्षा पाच यत्ता पुढं. तो आण्णांकडं आला आणि काहिलीपासून जरा लांब उभा राहिला. रस प्यायला न्हाई आलो, म्हणाला, इचारायला आलोय.

आण्णांनी नेहमीसारखी बोटं काढली. धरणाचं काम मोठं, पण ते एक दिवस पुरं होणार, मग माणसं घरी. तिथं मोठाली यंत्रं, पाठीचं काम तर ती आधीच उचलत होती. आणि गावचं काम? ढोर ओढायला कोण यंत्र आणणार, धान्य पण वाढवून मिळतंय, आणि करणाऱ्या सगळ्यांनी सोडल्यावर त्याला माणूस लागतच राहणार. आण्णा मोजत गेले आणि तिन्ही बोटं उभी राहिली. मला आठवतं, बोटं उभी राहिल्यावर आण्णाच त्यांच्याकडं बघत बसले.

सिदू शांतपणे म्हणाला, "आण्णा, एक बोट राहिलं तुमचं. त्या कामात मला हाक कशी मारतील?"

आण्णा लोकांना उत्तर देण्यात कधी अडकायचे नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "ते माझ्या ध्यानात न्हाई आलं." आपल्या पेल्यात रस भरून त्यांनी सिदूपुढं धरला. सिदू म्हणाला, आज नको, आणि गेला. दोन वर्षांनी सायकलवरनं आला तेव्हा धरणावर दगड उचलायच्या यंत्रावर ड्रायव्हर झाला होता. त्या दिवशी दोन पेले प्याला, आणि आण्णांना म्हणाला, तुमचं पहिलं बोट खरं होतं, यंत्रानं पाठीचं काम खाल्लं. पण त्या यंत्रावर मी बसलोय.

सिदूनं तो सवाल केला तेव्हापासून आण्णा चार बोटं मोजायला लागले. पण चौथ्यानं पांडूचं भलं झालं नाही. गुऱ्हाळावर त्याला सगळे पांड्याच म्हणायचे. मीसुद्धा.

पुढच्या हंगामात हौसाला बघायला दिनकर आला. वीजवाल्यांचा वायरमन. कोयनेची वीज तेव्हा गावागावांत पोचत होती आणि खांबावर चढणाऱ्या माणसाला गावोगाव मान होता. मोठमोठे बागायतदार त्याला वायरमनसाहेब म्हणायचे, पंपाची फ्यूज त्याच्या हातात ना! पगार महिन्याच्या महिन्याला. यंत्र खांबावर चढत नाही. गावं बाकी होती शेकड्यानं. चारही बोटं ताठ उभी. दिनकर मामाला घेऊन आला, कडक इस्त्रीची पँट, आणि आण्णांनी रीतीप्रमाणं त्याला आदण बसवलं. माणूस मोकळा होता, मला आवडला. अर्धा तास सवाल झेलल्यावर हसत म्हणाला, "आवं आण्णा, मी मुलगी बघायला आलोय. तुमी माझा खांबच मोजताय की."

आण्णा पण हसले, पण सोडेनात. वीज धरणापासून गावापर्यंत येते कशी, ते त्यांना समजून घ्यायचं होतं. दिनकरनं उसाचं कांडं घेतलं आणि राखेत रेघा ओढायला लागला. हे धरण, ही मोठी लाइन, हे कराड, इथनं उंब्रजला फाटा. आण्णा त्या रेघांवर ओणवे झाले. काहिलीकडं पाठ.

पाकाचा आवाज बदलला तो मलाही कळला. आधी जाड भदभद चालली होती, ती बारीक झाली. मी आण्णांकडं बघितलं. आण्णा रेघा बघत होते. पांडूनं गोळी काढली, कडेवर मारली, आणि त्याचा चेहरा उतरला. आता गुळव्याला पाव्हण्यांसमोर सांगायचं की तुमचा पाक पुढं चाललाय, म्हणजे भर बाजारात त्याच्या डोक्यावरचा पटका काढण्यासारखं. आणि तेही मुलगी बघायला आलेल्या माणसासमोर. पांडूनं माझ्याकडं बघितलं आणि हातानं आडवी खूण केली. जाळ तोड.

तिथला कायदा मी वर सांगितला आहे. मी नऊ वर्षांत तो एकदाच मोडला. मी चिपाडं बाहेर ओढली, पांडूनं मानेनं चौघांना बोलावलं, कड्यांत दांडे घातले, आणि काहील गूळ ओतायच्या वाफ्याकडं निघाली. तिच्या खरखरीनं आण्णा वळले.

मालक धावत आला. उतरवायला कोणी सांगितलं म्हणाला. पांडू म्हणाला, "आण्णांनी खूण केली." मालकानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "व्हय, मी बघितली." मी आयुष्यात थोडंच खोटं बोललोय, त्यातलं हे. आण्णांची पाठ सगळ्यांनी बघितली होती, मालकानंही, पण गूळ बिघडला नव्हता. रंगाला जरा तांबडा, इतकंच. आण्णांनी वाफ्याशी जाऊन बोट लावलं, चाखलं, आणि पांडूच्या खांद्यावरून फडकं काढून आपला हात पुसला.

दिनकर निघताना आण्णांना बाजूला घेऊन म्हणाला, मुलगी चांगली हाय, मला ना न्हाई. पण मी आल्यापासनं तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं, आणि तेबी तो पांडुरंग काहील उतरवताना मी मधे आलो म्हणून. आण्णा, तुमच्याजवळ माणूस हाय.

कोणी दुसरा असता तर त्याच दिवशी हो म्हणाला असता. आण्णा नाही म्हणाले. दुपारी जेवायला बसल्यावर त्यांनीच विषय काढला. हात सोन्याचा हाय, मन बी हाय, म्हणाले, म्हणून तर वाईट वाटतंय. ऊस चाललाय. धा वर्सांनी ह्या सोन्याच्या हातानं काय करायचं? पांडू खाली मान घालून भाकरी मोडत होता. हौसानं परात बाजूला सारली.

"आण्णा, तुमच्या चार बोटांवर तुमी सवता बसता का?"

"न्हाई."

"मग माझ्या आजानं माझी आई तुमास्नी कशी दिली?"

आण्णा म्हणाले, त्याला मोजता येत न्हवतं.

"मग मला बी येत न्हाई," हौसा म्हणाली. आम्ही सगळे हसलो, आण्णांनाही हसू आलं. पण तिचं संपलं नव्हतं. "तुमी न्हाव्याला इचारलं, छापखान्यातल्याला इचारलं, खांबावरच्याला इचारलं. रोज ज्या कारखान्याच्या नावानं कांदा फोडता, त्याच्यात कवा पाय ठेवलाय? न बघता निकाल लावलाय तुमी."

आण्णांनी ठेचा खाल्ला आणि बराच वेळ डोळे पुसले.

चार दिवसांनी मालकाकडून एका दिवसाची सुटी घेऊन आण्णा, पांडू आणि मी एसटीनं सांगलीकडं निघालो. आमच्या गावचा एक फिटर कारखान्यात होता, त्यानं आत घेतलं. गव्हाणीत ऊस पडताना बघून आण्णा म्हणाले, ही पाठ. चरक बघून म्हणाले, हा हात. आमच्या गुऱ्हाळाला चार दिवस पुरला असता इतका ऊस आमच्या समोर गेला. आण्णांनी मोजायचं सोडलं. मला वाटलं उलट झालं, म्हातारा आता कधीच हो म्हणायचा नाही.

मग लोखंडी जिना चढून वर गेलो. तिथं मोठमोठी बंद भांडी, त्यांना काचेच्या खिडक्या, आत पाक खदखदतोय. फिटर म्हणाला, ह्यांना पॅन म्हणतात. एका पॅनपाशी खाकीतला माणूस उभा होता, उत्तरेकडचा, मुद्दाम तिकडून आणलेला. त्यानं सळईनं थोडा पाक बाहेर काढला, काचेच्या तुकड्यावर पसरला, उजेडात धरला आणि अंगठा आणि बोटात घेऊन चोळला.

आण्णा जागीच थांबले. यंत्राच्या पोटापाशी उभा राहून एक माणूस बोटानं पाक बघत होता.

त्यांनी त्या माणसाला सवाल टाकले, फिटर मधे बोलणारा. भिंतीवर काटा दिसतोय, मग तू कशाला? खाकीवाला हसला. म्हणाला, "बाबा, सुई गरमी बताती है. दाना नहीं बताती." पगार? महिन्याला, राहायला खोली. माणसं? तालुक्या-तालुक्यात कारखाने निघतायत आणि असला हात मिळत नाही, म्हणून तर मला घर सोडून इथं आणलंय. आणि हाक? खालून कोणीतरी त्याला मिश्राजी म्हणून हाक मारली, आण्णांना विचारावंच लागलं नाही.

मग आण्णांनी मागितलं म्हणून त्यानं काचेवरचा पाक त्यांच्यापुढं धरला. आण्णांनी चिमटीत घेतला, ताणला, आणि म्हणाले, झालं, उतरवा. खाकीवाल्यानं मान हलवली. कच्चा है. आण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. गेल्या तीस वर्षांत पाकाबद्दल त्यांना कोणी नाही म्हटलं नव्हतं. मग पांडूनं हात पुढं केला. त्यानं ताणला नाही. चोळला, परत चोळला, डोळे मिटून.

"आण्णा," तो म्हणाला, "ह्यात गोळी बघायची न्हाई. ह्यात दाणा हाय. वाळूवाणी लागतोय, बारीक. अजून मोठा व्हायचाय."

खाकीवाल्यानं पांडूकडं नीट बघितलं. नाव विचारलं. तू ये, म्हणाला, साहेबांना सांगतो.

जिन्यावरून उतरताना आण्णा पुढं, मी मागं. मला वाटलं त्यांना लागलं असणार. खाली आल्यावर फाटकापाशी उसाच्या गाड्यांची रांग होती, तिच्याकडं बघत ते म्हणाले, "शंकर, जे मला कळलं न्हाई ते ह्याला कळलं. म्हंजे हे काम माझ्यापुढचं हाय." आणि एसटीत बसल्यावर कंडक्टरला आपणहून सांगितलं की हा आमचा जावई, याला कारखान्यात जागा मिळणार आहे. पांडूनं माझ्याकडं बघितलं. जावई हा शब्द त्यानं पहिल्यांदा तिथं, तिकीट घेताना ऐकला.

त्या हंगामात पांडू मिश्राजींच्या हाताखाली लागला. हंगाम संपल्यावर लग्न झालं. दिनकर आला होता, मांडवात दिवे त्यानं लावून दिले. पुढच्या हंगामापासून हौसा कारखान्याच्या खोल्यांत राहायला गेली. आमच्याकडची गुऱ्हाळं दरवर्षी एकदोन थंड पडत गेली, पण आण्णा कधी रडले नाहीत. ऊस कमी झाला तसं ते एका आदणावर जास्त वेळ द्यायला लागले. पुढच्या दोन हंगामांतला त्यांचा गूळ मला आजही आठवतो. तसा परत खाल्ला नाही.

पण पोरीच्या घरी मात्र ते गेले नाहीत. आमच्यात रीत आहे, लेकीला लेकरू होईतोवर तिच्या घरचं पाणीही बापानं घ्यायचं नाही. आण्णांनी ती पाळली. पांडू बोलवायचा, हे फाटकावरूनच माघारी फिरायचे. मग तिसऱ्या वर्षी हौसाला मुलगी झाली आणि आण्णांनी मला सोबत घेतलं. त्यांना मी शेवटचं बघितलं ते त्या खोलीत. मी संध्याकाळच्या गाडीनं परतलो, ते चार दिवस राहिले, आणि त्या पावसाळ्यात मी कामासाठी शिरवळला असताना ते वारले.

खोली लहान, पण भिंतीला चुना नवा. पांडू पाळीला जायच्या तयारीत, खाकी कपड्यात. शेजारचा माणूस दारावरून जाताना म्हणाला, काय पांडुरंगराव, सासरे आले का. आण्णांनी ते ऐकलं, पण ऐकलं असं दाखवलं नाही. नात मांडीवर घेऊन तिची बोटं सरळ करून बघत बसले. तिनं मूठ मिटली की परत उघडायचे.

हौसानं चहा ठेवला आणि दारातनं विचारलं, आण्णा, गूळ घालू ना? मला कळलं ती का विचारतेय. आण्णांच्या घरात आजवर साखर आली नव्हती. पाहुण्यालाही गुळाचाच चहा, आवडला तर घ्या नाही तर उठा.

"साखर न्हाई व्हय घरात?" आण्णा म्हणाले.

हाय की, हौसा म्हणाली. पांडू दारात बुटाची नाडी बांधत होता, तो तसाच थांबला.

चहा आला. आण्णांनी नातीला माझ्याकडं दिलं, बशीत ओतला, फुंकर मारली आणि घोट घेतला. तोंडात धरून ठेवला. मग गिळला, आणि बशी संपवली, कप रिकामा केला. आमच्याकडं पुरे झालं की माणूस कप पालथा घालतो. आण्णांनी तो पालथा घातला नाही. हौसाच्या अंगाला सरकवला, आणि पांडूला म्हणाले, तू जा, तुझी पाळी चुकंल.